आईच्या खालच्या दाढांसाठी इम्प्लांट करावे की ब्रिज पुरेसा आहे?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या आईचे वय 66 असून ती साताऱ्याजवळच्या गावी राहते. तिच्या खालच्या जबड्यातील तीन दाढा गेलेल्या आहेत. डावीकडच्या शेवटच्या दोन्ही दाढा काही वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या. त्या बाजूला अक्कलदाढ आलीच नव्हती, त्यामुळे उपदाढांच्या (दाढांच्या पुढच्या लहान दातांच्या) मागे आता नुसती हिरडी आहे. उजवीकडे पहिली दाढ नाही, पण तिच्या मागची दाढ शाबूत आहे आणि तिचे रूट कॅनॉल होऊन वर कॅप बसवलेली आहे. वरचे सगळे दात जागेवर आहेत. आई बहुतेक सर्व पुढच्या दातांनी चावते, भाकरी आमटीत कुस्करून खाते आणि शेंगदाणे, फुटाणे तिने केव्हाच सोडून दिले आहेत. तिला मधुमेह असून मागच्या तपासणीत एचबीएवनसी (साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी) 7.8 आले होते.

आम्ही तीन ठिकाणी विचारले आणि तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. पहिल्या डॉक्टरांनी तीन इम्प्लांट (हाडात बसवायचे धातूचे खुंट, ज्यांवर दात बसवतात) आणि डाव्या बाजूला हाडाची भर घालणे असा सुमारे 1,65,000 रुपयांचा खर्च सांगितला. दुसऱ्यांच्या मते एवढ्या वयात शस्त्रक्रियेच्या फंदात न पडता दोन्ही बाजूंना ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले पक्के दात, बसवावेत. तिसऱ्या ठिकाणी तीन दिवसांत पक्के दात देण्याची हमी मिळाली आणि आईला अर्थातच तेच सर्वांत आवडले. पैशांची तजवीज करता येईल, पण एवढा खर्च करून इम्प्लांट किती वर्षे टिकेल, मधुमेहात ते करावे की नाही, आणि या तिघांपैकी कोणाचे म्हणणे सयुक्तिक आहे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

दंतवैद्य, पुणे

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे गेलेल्या दातांच्या जागी कृत्रिम दात बसवणे हाच माझा विषय आहे. आईंना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही, तरीही आपण दिलेल्या माहितीवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांच्या तोंडाची उजवी आणि डावी बाजू हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याला भेटलेल्या तिघांनीही दोन्हींना एकच उत्तर दिले आहे.

उजव्या बाजूला ब्रिजचा विचार अवश्य करावा. ब्रिजवरचा मुख्य आक्षेप असा असतो की मधला एक दात भरून काढण्यासाठी शेजारचे दोन निरोगी दात घासून लहान करावे लागतात. आईंची मागची दाढ मात्र कॅपसाठी आधीच घासलेली आहे, त्यामुळे नव्याने घासायची राहते ती फक्त पुढची उपदाढ. मागची दाढ मोकळ्या जागेकडे किती कलली आहे आणि तिच्या रूट कॅनॉलची अवस्था कशी आहे, हे एक्स-रेवर पाहून घ्यावे. तसेच वरची दाढ खाली उतरली आहे का, तेही पाहावे, कारण समोरचा दात नाहीसा झाला की वरचा दात हळूहळू त्या जागेत सरकतो, आणि मग ब्रिज असो वा इम्प्लांट, कॅपला पुरेशी उंचीच मिळत नाही.

डाव्या बाजूला ब्रिज बसवू नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे मागून आधार द्यायला दातच नाही. दोन दाढांचा भार पुढच्या उपदाढांवर अधांतरी लटकवला, तर प्रत्येक घासाला त्या उपदाढांवर तरफेसारखा जोर येतो आणि काही वर्षांत त्या हलू लागतात किंवा त्यांचे मूळ तडकते. म्हणजे दोन दाढा मिळवण्याच्या नादात असलेल्या दोन उपदाढा गमावण्याची वेळ येते. त्या बाजूला इम्प्लांट किंवा काढता-घालता येणारी अर्धी कवळी, हे दोनच मार्ग योग्य आहेत.

मात्र डावीकडे दोन इम्प्लांट लागतीलच असे नाही. नेदरलँड्समधील काइझर यांनी 1981 मध्ये असे मांडले की उपदाढांपर्यंतचे दात चांगले असतील, तर मागच्या सगळ्या दाढा नसतानाही अनेकांचे चर्वण समाधानकारक चालते. आईंच्या बाबतीत पहिल्या दाढेच्या जागी एकच इम्प्लांट घेऊन शेवटची जागा रिकामी ठेवणे हा रास्त विचार आहे. वरची शेवटची दाढ मग खाली सरकते का, यावर तेवढे लक्ष ठेवावे लागेल. उजवीकडे ब्रिज आणि डावीकडे एक इम्प्लांट असे ठरले, तर तीन इम्प्लांटच्या तुलनेत खर्चही बराच कमी होईल. पुण्यात एक इम्प्लांट कॅपसह साधारण 30,000 ते 60,000 रुपयांपर्यंत जाते. कंपनी, कॅपचा प्रकार आणि हाडाची भर यांवर हा आकडा बदलतो.

आता हाडाविषयी. दाढ काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून इतक्या वर्षांनी भर घालावी लागेल हे पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे खरे असू शकते, परंतु ते साध्या एक्स-रेवरून ठरवता येत नाही. त्यासाठी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करावा लागतो. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. स्कॅनमध्ये ती नस रेखाटून तिच्या वर किती मिलिमीटर हाड उरले आहे ते मोजतात, आणि इम्प्लांटचे टोक तिच्यापासून किमान 2 मिलिमीटर दूर राहील अशी लांबी निवडतात. नसेला इजा झाली, तर खालचा ओठ बधिर राहू शकतो. स्कॅन न करताच हाडाची भर सांगितली असेल, तर आधी स्कॅन करून मग बोलू, असे आपण निःसंकोच म्हणावे.

मधुमेहामुळे इम्प्लांट वर्ज्य ठरत नाही. साखर आटोक्यात असेल तर हाड चांगले धरते. एचबीएवनसी 8 च्या पुढे असेल, तर मी स्वतः शस्त्रक्रिया पुढे ढकलतो आणि शक्यतो ते 7 च्या आसपास आल्यावरच हात घालतो. आईंचे 7.8 सीमेवरचे आहे, तेव्हा दोन-तीन महिने साखरेवर काम करून मग तारीख घ्यावी.

निवृत्त नाशिककर

डॉक्टरसाहेबांनी सविस्तर सांगितलेच आहे, मी केवळ वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितो. माझ्या खालच्या दाढेच्या जागी बरीच वर्षे इम्प्लांट आहे आणि मी समाधानी आहे, पण काही गोष्टी आधी सांगितल्या जात नाहीत.

नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, त्यामुळे भाकरीत बारीक खडा आला तरी दाताला तत्काळ कळते. इम्प्लांट हाडाला थेट चिकटलेले असल्याने ती जाणीव फार बोथट असते. त्याचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. आजूबाजूची हिरडी बिघडून हाड झिजू लागले, तरी दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. मी रोज रात्री कॅपच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून बारीक ब्रश फिरवतो आणि सहा महिन्यांनी दाखवून येतो. आईंना हे रोज जमेल का, त्यांच्या बोटांत तेवढी पकड आहे का आणि आरशात त्यांना नीट दिसते का, हे पैशांच्या आधी विचारात घ्यावे.

दुसरे असे की कॅप सिमेंटने चिकटवलेली न घेता शक्यतो स्क्रूने बसवलेली घ्यावी. मध्यंतरी माझी कॅप किंचित फिरू लागली होती. डॉक्टरांनी वरचे छोटे फिलिंग काढले, छिद्रातून आतला स्क्रू ठराविक दाबापर्यंत आवळला, पुन्हा फिलिंग भरले आणि काम झाले. शिवाय चिकटवलेल्या कॅपखाली उरलेले सिमेंट हिरडीत राहिले, तर तिथे सूज धरते असे मला सांगण्यात आले.

तिसरे म्हणजे इम्प्लांटच्या डबीवरचे स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो, ते मागून घेऊन फाइलला लावून ठेवावे. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला वेगळे पान्हे लागतात. मी नाशिक सोडून मुलाकडे राहायला आलो तेव्हा नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न कंपनीचाच विचारला होता.

आरोग्य विम्यातून काही मिळेल या भरवशावर राहू नये. अपघाताखेरीज दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये धरलेला नसतो.

करवीरवासिनी

येथे अर्ध्या कवळीचा उल्लेख एका वाक्यात उरकला गेला, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंनी धातूच्या सांगाड्याची अर्धी कवळी करून घेतली आणि त्या तिच्यावर व्यवस्थित जेवतात. खर्च इम्प्लांटच्या मानाने अगदी थोडा आला, शस्त्रक्रिया झाली नाही आणि रात्री काढून घासता येत असल्याने स्वच्छताही सोपी पडते. पहिले काही आठवडे हिरडीला टोचत होते, तेव्हा दोनदा घासून आणावी लागली, हे खरे. मागे दात नसलेल्या बाजूला ती चावताना थोडी हलते, हेही खरे. तरीसुद्धा साखर वर-खाली होणाऱ्या 66 वर्षांच्या बाईंसाठी हा पर्याय हलका मानू नये, आणि मुख्य म्हणजे आईंना स्वतःला काय हवे आहे ते कोणी विचारले आहे का?

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला विचारले. रोज काढायची-घालायची कवळी तिला नको आहे, कारण मामींची कवळी लग्नाच्या पंगतीत निसटली होती आणि तो प्रसंग ती विसरलेली नाही. डॉक्टरसाहेब, तीन दिवसांच्या दातांबद्दल आपण काही लिहिले नाही. आणखी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हाडे ठिसूळ झाल्यामुळे ती आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते आणि ती चारेक वर्षे चालू आहे. शिवाय ती सकाळी मिश्री लावते.

दंतवैद्य, पुणे

ही गोळी अतिशय महत्त्वाची आहे आणि आपण ती तिन्ही डॉक्टरांना सांगितली नसेल, तर लगेच सांगावी. आठवड्याला एकदा उपाशीपोटी घ्यायची गोळी बहुधा अॅलेंड्रोनेट किंवा त्याच गटातील असते. पाकिटावरचे नाव पाहून खात्री करावी. या औषधांमुळे हाडाची झीज थांबते, पण त्याबरोबर हाडाची स्वतःला दुरुस्त करण्याची क्रियाही मंदावते, आणि क्वचित प्रसंगी दात काढल्यावर किंवा इम्प्लांट केल्यावर जबड्याचे हाड भरून न येता उघडे पडून मृत होते. कर्करोगात शिरेतून देतात त्या इंजेक्शनांच्या मानाने गोळ्यांमध्ये हा धोका पुष्कळ कमी आहे, म्हणून गोळी चालू आहे एवढ्यावरून मी इम्प्लांट नाकारत नाही. मात्र औषध किती वर्षे झाले, मधुमेह आहे का, तंबाखू आहे का, स्टेरॉइड चालू आहे का, हे सगळे एकत्र पाहावे लागते आणि आईंच्या बाबतीत त्यातल्या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती देणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी मत आणावे. हाडांसाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल, तर तेही परस्पर थांबवू नये, कारण ते थांबवल्यावर मणक्याची हाडे दबून मोडू शकतात.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिनमुळे हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेपुरती आठवडाभर बंद करून भागणार नाही, ती कायमची सुटायला हवी. तपासणीच्या वेळी गालाच्या आतली बाजूही पाहून घ्यावी, तिथे पांढरा चट्टा असेल तर आधी त्याचे निदान करावे लागेल.

तीन दिवसांच्या दातांविषयी आधी लिहायचे राहिले. इम्प्लांट बसवल्यावर लगेच त्यावर दात देण्याची पद्धत खोटी नाही. इम्प्लांटला हाडात सुरुवातीलाच घट्ट पकड मिळाली आणि अनेक इम्प्लांट एकमेकांना जोडून भार वाटता आला, तर ती यशस्वी होते. येथे परिस्थिती उलटी आहे. दाढेची जागा, म्हणजे चावण्याचा सर्वाधिक जोर तिथेच, इम्प्लांट एकटे, हाड झिजलेले, साखर सीमेवर आणि हाडांची गोळी चालू. अशा वेळी खालच्या जबड्यात तीन-चार महिने थांबून, हाडाने इम्प्लांट धरल्याची खात्री करूनच कॅप बसवावी. त्या अवधीत उजव्या बाजूचा ब्रिज झालेला असेल, म्हणजे जेवणाची सोय राहील.

किती वर्षे टिकेल, या आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरही बहुतांशी याच गोष्टींवर अवलंबून आहे. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे प्रा. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्याने ते 2006 मध्ये निधन होईपर्यंत वापरले. उलट तंबाखू आणि अस्वच्छता यांमुळे तीन-चार वर्षांत हाड सोडून हलू लागलेली इम्प्लांटही मी काढली आहेत.

पुढचा क्रम असा ठेवावा. प्रथम गोळी देणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि नवे एचबीएवनसी, मग उजवीकडचा एक्स-रे आणि ब्रिज, त्यानंतर डाव्या बाजूचा सीबीसीटी. हाड अगदीच अपुरे निघाले आणि मोठी भर घालावी लागणार असे दिसले, तर आईंच्या प्रकृतीत मी त्या वाटेला जाणार नाही. डावी बाजू मोकळी ठेवून उजव्या ब्रिजवर त्यांचे जेवण कसे चालते, ते सहा महिने पाहीन. खर्चाची अडचण वाटल्यास मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात प्रोस्थोडॉन्टिक्सच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवावे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या अधिक होतात, पण घाई कोणी करत नाही.

कृष्णाकाठ

गोळीचे पाकीट पाहिले, अॅलेंड्रोनेटच आहे. सोमवारी आईला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जात आहे. पत्र आणि साखरेचा अहवाल हाती आला की येथेच कळवतो.