निप्पॉन शिक्क्याची फुलदाणी अस्सल की नक्कल? मदत हवी आहे

नमस्कार. हाताने रंगवलेली जपानी चिनी मातीची भांडी जमवणाऱ्या जाणकारांचा सल्ला मला हवा आहे.

माझ्याकडे दोन वस्तू आहेत. पहिली सासरी चालत आलेली बशी. आजेसासरे मुंबईत कापसाच्या एका पेढीवर कारकून होते. मुंबई ते कोबे अशी जहाजसेवा १८९३ मध्ये सुरू झाल्यावर इथला कापूस तिकडे जाऊ लागला होता आणि त्याच व्यवहारातल्या कुणीतरी ही बशी त्यांना भेट दिली, असे घरात सांगतात. दुसरी वस्तू म्हणजे नऊ इंच उंचीची गुलाबांची फुलदाणी, जी मी नऊ दिवसांपूर्वी जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून बरीच घासाघीस करून घेतली.

दोन्हींच्या तळाशी हिरव्या रंगात पानांचे कडे आणि 'हँड पेंटेड निप्पॉन' ही अक्षरे आहेत (निप्पॉन म्हणजे जपानी भाषेत जपान). बशीवरच्या कड्यात मधोमध 'एम' स्पष्ट वाचता येतो. तो मोरीमुरा या घराण्याचा. त्यांची व्यापारी पेढी १८७६ ची आणि नागोयाजवळच्या नोरीताके गावचा कारखाना १९०४ चा. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव हवे, हा अमेरिकेचा नियम १८९१ मध्ये लागू झाल्यावर 'निप्पॉन' लिहिले जाऊ लागले आणि १९२१ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी हा शब्द इंग्रजी नाही म्हणून 'जपान' लिहिण्याचा आग्रह धरल्यावर ते थांबले. या तीस वर्षांच्या मालाला संग्राहकांकडे मागणी आहे, आणि म्हणूनच नकली शिक्केही निघाले.

माझी शंका इथूनच सुरू होते. फुलदाणीवरच्या कड्यात 'एम'च्या जागी वाळूच्या घड्याळासारखी आकृती दिसते आणि कडेही उलटे छापल्यासारखे वाटते. बशीला हलकी टिचकी मारली की खणखणीत नाद येतो. फुलदाणी मात्र बद्द वाजते, वजनाला जड आहे आणि तिच्या तळाची कड हाताला खरखरीत लागते. बशीच्या काठावर ओल्या मातीचे उठावदार ठिपके आहेत (या कामाला मोरिआगे म्हणतात), त्यांवरून नख फिरवले तर एक उंच, एक बसका, असा प्रत्येक ठिपका वेगळा लागतो. फुलदाणीवरचे ठिपके एका मापाचे आहेत.

भिंगातून पाहिले तेव्हा गुलाबाच्या पाकळ्यांवरची छटा बारीक, सारख्या अंतराच्या टिंबांची निघाली, म्हणजे ती छापील असावी. ब्रशचे फटकारे फक्त पानांच्या शिरांवर आणि सोनेरी काठावर आहेत. इतके असूनही मी ठाम बोलत नाही, कारण छापील चित्रावर ब्रश फिरवून ती वस्तू 'हाताने रंगवलेली' म्हणून विकण्याची पद्धत त्या काळातही होती, असे वाचले आहे.

तेव्हा विचारायचे आहे ते असे. केवळ शिक्क्यावरून ही नक्कल ठरवता येते का, की माती, वजन आणि रंगकाम पाहूनच निर्णय करावा? आणि ज्यांच्या हातात अस्सल निप्पॉन फुलदाण्या आल्या आहेत, त्यांना असा बद्द आवाज कधी आढळला आहे का? आतून चीर असली तरी आवाज बसतो, हे मला माहीत आहे, पण उजेडापुढे धरून पाहिले तरी चीर दिसत नाही.

एक प्रश्न बशीबद्दलही आहे. तिच्या एका बारीक चिरेत चहाचा तपकिरी डाग उतरला आहे. सोनेरी काम भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाच्या वर, कमी आचेवर भाजलेले असते आणि घासले की निघते, म्हणून शेजारच्या काकूंनी सुचवलेली चिंच मी हात जोडून नाकारली. सोन्याला धक्का न लावता हा डाग काढता येईल का, की तो तसाच राहू द्यावा?

दोन्हींच्या तळाची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढून जोडली आहेत. विक्रेत्याने पंधरा दिवसांत फुलदाणी परत घेण्याचे कबूल केले आहे, त्यामुळे सहा दिवसांत उत्तर मिळाल्यास फार उपकार होतील.