‘पेंट हॉर्स’ला मराठीत काय म्हणाल?

डॅलसकर: टेक्ससमधल्या आमच्या शेजाऱ्यांना दोन घोड्या विकायच्या आहेत. जाहिरात बाबांना मराठीतून सांगताना ‘पेंट’पाशी अडलो. ‘रंगवलेली घोडी’ म्हटलं, तर ते दचकले, “रंग फासून विकतात?” मग पहिलीची पांढरी ठिगळं बघून म्हणाले, “अरे, ही तर अबलख!” पण दुसरी नखशिखांत तांबडी, तरी कागदावर पेंटच. इथे पेंट ही जात आहे, संघटनेची नोंदवही १९६५ पासूनची. आईबाप वहीत असले की एकरंगी शिंगरूही नोंदतात. तिला अबलख कसं म्हणू?

तापीकाठ: ‘अबलखाच्या पोटची’ म्हणा. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वडिलांबरोबर जायचो. पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला ते ओला रुमाल घासायचे, केस उलटे फिरवून कातडी बघायचे. पांढऱ्याखाली गुलाबी, काळ्याखाली काळी, म्हणजे रंग अस्सल. मगच उपरण्याखाली बोटं धरून सौदा.

शब्दवेडा: अबलख आपलाच शब्द. संस्कृतात बलक्ष म्हणजे पांढरा. पूर्ण पांढरा नाही तो अबलक्ष. जातीला ‘चित्राश्व’ म्हणा. परके शब्द जसेच्या तसे घेत राहिलो तर मराठीत उरेल काय?

निळाई: ही व्युत्पत्ती ओढूनताणून आहे. शब्द अरबी, ‘अब्लक’. तो सुरुवातीचा ‘अ’ नकाराचा नाही. अहमर (तांबडा), अस्वद (काळा) यांच्यातलाच आहे. दमास्कस, कैरोकडे काळ्या-पांढऱ्या दगडांचे थर आलटून पालटून रचतात, त्या बांधकामालाही हाच शब्द. आणि चित्राश्व हे महाभारतात सत्यवानाचं नाव, तो लहानपणी घोड्यांची चित्रं काढायचा म्हणून. तीनशे वर्षं पागेत रुळलेला शब्द परका कसा?

शब्दवेडा: ‘चित्र’चा ठिपकेदार, बहुरंगी हाही अर्थ जुनाच आहे. चित्ता त्याच कुळातला.

रानवाट: आमच्या आजोळी नगरकडे अबलख कुणी म्हणत नसे. ठिगळं असलेलं जनावर ते बांडं, मग बैल असो की घोडा. जातीसाठी ‘वाण’ का नको? ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यात वाण म्हणजे रंग, आणि बियाण्यात वाण म्हणजे जात. ‘पेंट वाणाची घोडी’ यात दोन्ही आलं.

तापीकाठ: बांडा बैल, बांडं कुत्रं ऐकलंय. बांडा घोडा कधीच नाही.

मोत्या: माझ्या काकांच्या वरातीचा घोडा पंचकल्याणी होता. त्याला सगळे अबलखच म्हणत.

तापीकाठ: ते चूक. पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, बाकी अंग एका रंगाचं. बाजारात दोन्हींचा भाव वेगळा होतो, म्हणून हा फरक पुसू देऊ नका.

डॅलसकर: ठिगळांची घोडी गेली. घेणाऱ्याने आधी जनुक-तपासणीचा कागद मागितला. ‘फ्रेम’ या ठिगळांच्या नमुन्याचं जनुक नर-मादी दोघांतही असेल, तर चारातलं एखादं शिंगरू पांढरंशुभ्र जन्मतं, त्याची आतडी चालत नाहीत, काही दिवसांतच ते जातं. बाबा विचारताहेत, अशा शिंगराला आपल्याकडे काय म्हणतात? नुकरा?

तापीकाठ: नुकरा नव्हे! तोही जन्मतः पांढरा, गुलाबी कातडीचा, पण धडधाकट जगतो. वरातीला त्यालाच मागणी.

रानवाट: बांडा घोडा नक्की म्हणतात. मामाला फोन लावलाय, टांगा होता त्याच्याकडे. उचलला की लिहिते.