चियांग माईत मोटारसायकल चालवायचीय: सोलापूरचं लायसन्स तिकडचे पोलीस मानतात का?

चादरवाला१३

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वय ४७. गड्डा यात्रा उरकली की जानेवारीअखेरीस आम्ही चौघं वर्गमित्र दहा दिवस बाहेर पडतोय. आधी थायलंडात चियांग माई, तिथून डोंगरातल्या पाय नावाच्या गावापर्यंत मोटारसायकलवर, मग विमानानं व्हिएतनाम आणि तिथल्या 'हा जिआंग' नावाच्या डोंगरी भागातला घाट. घरून परवानगी मिळालीय. ती मागं घेतली जायच्या आत तिकिटं काढून टाकली.

आता भांडण कागदावरून आहे. एक दोस्त म्हणतो, "आपलं कार्ड इंग्रजीतच हाय की बे, तेवढं बास." दुसरा म्हणतो, आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढावं लागतंय. तिसरा म्हणतो, कशाला खर्च, तिकडचा पोलीस पाचशेची नोट घेऊन सोडतो.

मी १९९६ पासून गाडी चालवतोय. आधी वडिलांची एम-८०, मग स्प्लेंडर, आता बुलेट. एवढ्या वर्षांत सात रस्त्याला एकदाच पावती फाटली, तीही झेब्रावर चाक गेलं म्हणून. कुणी स्वतः चालवून आलं असेल तर सांगा. ऐकीव नको, ते आमच्याकडं भरपूर आहे.

कट्ट्यावरचा

आधी खिशातलं कार्ड काढा आणि गाडीच्या वर्गाचा रकाना वाचा. एमसीडब्ल्यूजी लिहिलंय का?

चादरवाला१३

वाचलं. एलएमव्ही एवढंच आहे. म्हणजे काय?

कट्ट्यावरचा

एलएमव्ही कारचं, एमसीडब्ल्यूजी गिअरच्या मोटारसायकलचं. म्हणजे काका, तुम्ही एवढी वर्षं विनालायसन्स बुलेट फिरवताय 😄

घाटवळण

हसू नका त्यांना, असे पुष्कळ निघतील. कार शिकताना ड्रायव्हिंग स्कूलमार्फत लायसन्स काढायचं, त्यात दुचाकीचा वर्ग घालायचा राहून जातो, आणि इथं कुणी तो रकाना वाचत नाही. कार्ड आहे का, एवढंच बघतात.

मी मूळचा होटगी रोडचा, आता पुण्यात. २०२३ च्या डिसेंबरात चियांग माईत आठ दिवस गाडी चालवली. दोनदा अडवलं, एकदा पावती फाटली.

परमिट म्हणजे आपलं आरटीओ देतं ते छोटं पुस्तक. फॉर्म ४-ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. हे रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली निघतं आणि थायलंड त्या करारात आहे, म्हणून तिथं चालतं. पुस्तकात वाहनांचे वर्ग असतात. 'ए' म्हणजे मोटारसायकल, 'बी' म्हणजे कार. तुमच्या कार्डावर फक्त एलएमव्ही, म्हणजे तुम्हाला मिळणार फक्त 'बी'. मग बाईकवर बसल्यावर ते पुस्तक खिशात असलं काय आणि सोलापुरात कपाटात असलं काय, सारखंच. इंटरनेटवर डॉलरमध्ये प्लास्टिकचं "आंतरराष्ट्रीय लायसन्स" विकतात, त्याच्या नादी तर अजिबात लागू नका.

आता पोलिसांचं. चियांग माईच्या जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे. आपल्या भुईकोटाचा असतो तसाच, पण पाण्यानं भरलेला, आणि कडेनं वाहता रस्ता. तिथं पहिल्याच सकाळी नाका लागलेला. परमिट मी हॉटेलात विसरलेलो. मोबाईल काढून डिजिलॉकर दाखवलं, कारण इथं ते चालतं. पोलिसानं स्क्रीनकडं बघितलं, हसला, आणि बोटानं झाडाखालचं टेबल दाखवलं. टेबलावर पावतीपुस्तक. मी "टुरिस्ट, फर्स्ट टाईम" सुरू केलं तर त्यानं बसायला खुर्ची पुढं केली. ५०० बाथ, पावती, थँक्यू. आवाज चढला नाही, अरेतुरे नाही. तिथं कुणाच्या मेव्हण्याला फोन लावून तो साहेबाच्या कानाला देता येत नाही, त्यामुळं माझ्यासारख्या माणसाकडं बोलायला काही उरतच नाही.

तीन दिवसांनी पुन्हा नाका. या वेळी पुस्तक आणि मूळ कार्ड दोन्ही जवळ होतं. त्यानं पान उलटलं, 'ए'वर बोट ठेवलं, कार्डावरचा फोटो आणि माझा चेहरा बघितला, जा म्हणाला. खिशातून काढायलाच मला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

हेल्मेट दोघांनाही. २०२२ पासून त्याचा दंड २००० बाथपर्यंत गेलाय. आरशाला अडकवून हिंडायची आपली सवय तिकडं महागात पडते.

गाडी भाड्यानं देणारा दुकानदार पासपोर्ट ठेवून घ्यायला बघेल. देऊ नका. झेरॉक्स आणि रोख डिपॉझिटवर गाडी देणारं दुकान शोधा, मिळतं. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, दुकानदाराच्या समोरच काढा. मी नव्हता काढला. परत देताना सायलेन्सरवरच्या जुन्या ओरखड्याचे पैसे मोजले, आणि पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये म्हटल्यावर भांडणार कशाच्या जोरावर? काही बिनसलंच तर ११५५ हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, तिथं इंग्रजी चालतं.

रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूचा. पायपर्यंत ७६२ वळणं म्हणतात, टी-शर्टवर छापून विकतात. आपला तुळजापूरचा घाट सुरू होतो तोवर संपतो, हा संपतच नाही. उतारावर गिअर नसलेल्या स्कूटरचा ब्रेक धरून ठेवला की जळका वास येतो. मध्ये थांबा, चहा घ्या, चाक गार होऊ द्या. पायच्या बाजारात संध्याकाळी गुडघ्या-कोपरांना पट्ट्या बांधलेली गोरी पोरं-पोरी दिसतात, ती बहुतेक याच रस्त्यानं आलेली असतात.

जानेवारीअखेर ठीक आहे. फेब्रुवारी सरता सरता तिकडं शेतं-जंगलं पेटवायला लागतात आणि एप्रिलपर्यंत धुरानं डोंगर दिसत नाहीत. तारीख पुढं ढकलू नका.

बिनधास्त_राव

एवढा बाऊ कशाला? मी फुकेटला चार दिवस विनापरमिट चालवली, कुणी विचारलं नाही. अडवलं तर पाचशे द्यायचे, विषय संपला.

पॉलिसीताई

बिनधास्तराव, पोलिसापुरता संपतो विषय. मी विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर बसते, माझ्याकडे येतो तेव्हा तो तिथून सुरू होतो.

प्रवास विम्याच्या पॉलिसीत, बारीक अक्षरात, साधारण असं वाक्य असतं: चालवणाऱ्याकडे त्या देशात त्या वर्गाच्या वाहनाचा वैध परवाना हवा. काही पॉलिसींत भाड्याची दुचाकी सरळ वगळलेली असते, काहींत सीसीची मर्यादा असते, हेल्मेट नसेल तर काहींत पैसे नाहीत. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, की दाव्याच्या फाईलमध्ये मी आधी लायसन्सची झेरॉक्स शोधते. तिथं एलएमव्ही दिसलं की पुढं मला काही करता येत नाही, कितीही वाटलं तरी. आणि दंडाची पावती म्हणजे परवाना नव्हे. उलट परवाना नव्हता याचा तो लेखी पुरावा. लोक तीसुद्धा बिलांसोबत जोडून पाठवतात!

थायलंडात गाडीला सक्तीचा विमा असतो, पण मोठ्या ऑपरेशनला तो पुरत नाही.

चादरवाले दादा, पॉलिसी घेताना एजंटला तोंडी विचारू नका. ई-मेल करा, "भाड्याची दुचाकी, अमुक सीसी, मी स्वतः चालवणार, कव्हर आहे का?" आणि उत्तर जपून ठेवा.

मागच्या_सीटवरून

व्हिएतनामचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तिथलं गणित वेगळं. व्हिएतनाम रस्ते वाहतुकीच्याच दुसऱ्या, १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं परमिट मानतो. आपण त्या करारात नाही, त्यामुळं 'ए'चा वर्ग असलेलं आपलं पुस्तकसुद्धा तिथं चालत नाही. दुकानदार गाडी देतो, तो काही बघत नाही. १ जानेवारी २०२५ पासून दंड बरेच वाढलेत: विनापरवाना १२५ सीसीपर्यंत २० ते ४० लाख डाँग, म्हणजे साधारण साडेसहा ते तेरा हजार रुपये. त्यावरच्या गाडीला ६० ते ८० लाख डाँग. गाडी जप्त झाली तर ती वेगळीच कटकट. शिवाय रस्ता उजव्या बाजूचा. दारूची मर्यादा शून्य, आणि हा जिआंगच्या घरगुती मुक्कामांत रात्री मक्याची दारू आग्रहानं वाढतात, ती सकाळपर्यंत अंगात असते.

५० सीसीपर्यंतच्या गाडीला परवाना लागत नाही, पण चार सोलापूरकर ५० सीसीवर त्या चढाला... बघा बुवा.

आम्ही दोघी मैत्रिणी 'ईझी रायडर' घेऊन गेलो. म्हणजे गाडी चालवणारा तिथला, आपण मागं. तीन दिवस. मा पी लेंगच्या खिंडीत मी खाली न्यो क्वे नदीचं हिरवं पाणी बघत होते, हातात शेंगाचटणीची पुडी. चालवणाऱ्याला ती नदी रोजचीच, त्याचे डोळे वळणावर. पुरुषांना मागं बसायला जड जातं, माहितीय. पण आमच्याबरोबर तिघे बापे होते, दुसऱ्या दिवसापासून कुणीही हँडल मागितलं नाही.

चादरवाला१३

सगळ्यांचे आभार. आज आरटीओत जाऊन आलो. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, नवा वर्ग वाढवायचा तर लर्निंग काढा, चाळिशी उलटलीय म्हणून डॉक्टरचा दाखला आणा, तीस दिवसांनी गाडी चालवून दाखवा, मग परमिटचं बघू. तारखा जुळतायत, जेमतेम. पाचशेच्या नोटवाल्या दोस्ताचं कार्ड तपासलं, त्याचंही एलएमव्हीच निघालं. आता दोघं बरोबर टेस्टला. व्हिएतनामात चौघंही मागं बसणार. त्यावर एक जण अजून बोलत नाहीय.

लर्निंग हातात आलं तसं बुलेटला पुढं-मागं लाल 'एल' चिकटवलं. महिनाभर बायकोला मागं बसवता येणार नाही, त्याचं तिला फारसं दुःख दिसलं नाही. कारखान्याच्या गेटवर वॉचमननं गाडीला एक फेरी मारली, दोन्ही 'एल' बघितले आणि विचारलं, "शेठ, या वयात गाडी शिकायलात काय?"