‘तिसित्ल’ला सुईण म्हणावं का?

वरवंटा: मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या (अझ्टेक हे त्यांच्यातलेच) बाळंतपणाच्या विधींवर लिहिते आहे. नाहुआत्ल भाषेत ‘तिसित्ल’ आहे, तिला सुईण म्हटलं तर चालेल? आणि ‘सिवातेतेओ’, म्हणजे बाळंतपणात मरून देवत्व पावलेल्या बायका. त्यांना अळवंतीण म्हणू?

कोशकीटक: सुईण तोकडं पडतं. तिसित्ल म्हणजे औषधपाणी करणारी, आणि करणारासुद्धा. नाहुआत्लमध्ये व्याकरणात लिंगभेद नाही. नुसतं बाळंतपण करणारीला ‘तेमिशिवितिआनी’ असा वेगळा शब्द आहे. 1629 साली रुइस दे अलार्कोन या पाद्र्याने तिसित्लांचे मंत्र उतरवून घेतले, अर्थात ते मोडून काढायला. त्यात मक्याचे दाणे टाकून कौल घेणाऱ्या बायकाही आहेत.

वरवंटा: पण माझ्या लेखातली बाई बाळंतपणच करते, आणि बोलते फार! बाळ जन्मलं की रणातली आरोळी ठोकते, कारण बाळंतिणीने लढून कैदी धरून आणलाय. नाळ कापताना मुलाला सांगते, हे घर म्हणजे तुझं नुसतं घरटं, तुझी जागा रणांगणात. मुलीला सांगते, तू चुलीतली राख, तू चुलीचे धोंडे. मुलीची नाळ पुरतात तीही चुलीपाशीच. पुढे बाळाला न्हाऊ घालून नावही तीच ठेवते. आपल्याकडे तो मान आत्याचा.

चकवा: मग सुईणच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे खुलासा करा. वैदू नको, ती आपल्याकडे जमात आहे. अळवंतीण तर मुळीच नको. सिवातेतेओ माथ्यावरचा सूर्य मावळतीपर्यंत पोचवतात. त्याआधी तो रणात पडलेल्या वीरांकडे असतो. पश्चिमेचं नावच ‘सिवातलाम्पा’, बायकांची दिशा.

कोशकीटक: पण ठरावीक दिवशी त्याच चव्हाट्यावर उतरतात आणि त्या दिवशी पोरांना घराबाहेर सोडत नाहीत. म्हणजे अळवंतीण अगदीच चूक नाही.

चकवा: अर्धीच. त्या बाईच्या प्रेताच्या डाव्या हाताचं मधलं बोट आणि केस पळवायला तरुण लढवय्ये टपलेले असत, ढालीत घालायला. म्हणून पुरायला नेताना म्हाताऱ्या सुइणी ढाली घेऊन आरोळ्या देत सोबत चालत. अळवंतिणीचं बोट कोण ढालीत घालील? पूजा आणि धास्ती दोन्ही हवी असेल तर साती आसरा जवळच्या, पण त्या पाण्याच्या. मूळ शब्दच ठेवा.

वरवंटा: ठेवते. सुईणही ठेवते.

कोशकीटक: एक तळटीप मात्र टाका. सुइणींची ही भाषणं सोळाव्या शतकात साहागून या फ्रान्सिस्कन पाद्र्याने जमवली, आणि त्याच्या हाताखाली नाहुआत्लमध्ये लिहून काढणारे नाहुआ विद्यार्थी सगळे पुरुष होते.