अनुभव धागा: भाऊ दाजी लाड म्युझियम, तुम्ही गेलात तेव्हा तिथे काय लावलं होतं?

पुलाखालची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. काल कपाट आवरताना जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात भाऊ दाजी लाड म्युझियमची तिकिटं सापडली, दहा-दहा रुपयांची, वेगवेगळ्या वर्षांची, चुरगळलेली. मी काही कलाबिला शिकलेली नाही, बँकेत आहे. पण माहेर भायखळ्याचं, त्यामुळे आईकडे गेलं आणि दुपारी सगळे आडवे झाले की माझी चक्कर राणीच्या बागेत, म्हणजे तिथल्या प्राणिसंग्रहालयात, आणि बागेत शिरल्यावर पाय आपोआप म्युझियमकडे. माझी आजी त्याला शेवटपर्यंत अजबखाना म्हणायची.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. इमारत १८७२ ची, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ मधे डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं. २००३ ते २००८ मोठी दुरुस्ती झाली, तेव्हापासून ते सोनेरी छत आणि ते खांब असे झळकतात. म्युझियम तसं छोटंच, दोन मजले, दीड तासात होतं बघून. पण तिथे मधेमधे आजच्या कलाकारांची प्रदर्शनं लागतात, कधी मागच्या दालनात, कधी थेट जुन्या कपाटांच्या मधेच. म्हणजे मातीच्या बाहुल्या त्याच, हत्ती तोच, पण "आता काय लावलंय?" हे दर वेळी वेगळं.

माझा अनुभव २०११ चा. बाबांना घेऊन गेले होते. बाबा बिल्डिंग रंगकामाचे छोटे कंत्राटदार, आयुष्य परांचीवर गेलेलं. आत शिरलो तर समोर बांबूची परांची बांधलेली. बाबा म्हणाले, अगं काम चालूय, चल परत जाऊ. मलाही तेच वाटलं. मग जवळ गेलो तर बांबू नाहीतच ते! जितिश कलाटचं 'सर्का' नावाचं काम होतं, १२० तुकडे, रेझिनमधे ओतून केलेले, दोऱ्यांनी बांधलेले, आणि वाकून बघितलं तर प्रत्येक "बांबू"वर प्राणी कोरलेले, एक दुसऱ्याला गिळतोय, दुसरा तिसऱ्याला. व्हीटी स्टेशनच्या पोर्चवर आहेत ना दगडात, तिथून घेतलेले. बाबांनी चष्मा काढून सगळ्या गाठी बघितल्या. सगळ्या. मग म्हणाले, दिसायला झकास आहे पण ह्याच्यावर मी माझा माणूस चढवणार नाही.

तर लिहा. अट एकच, "छान होतं, आवडलं" चालणार नाही, एक तरी वस्तू सांगायची.

हट्टी_कासव

रुमाल टाकून ठेवते. मुलं झोपली की लिहिते.

आजोबा_ऑनलाईन

उत्तम धागा. मी निवृत्त सरकारी कारकून, दाखले-उतारे खात्यातला, उभा जन्म शिक्के मारण्यात गेला. २०१३ मधे बसमधून जाताना म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर भलं मोठं कोळ्याचं जाळं लटकलेलं दिसलं. उतरलो. बघतो तर जाळं रबरी शिक्क्यांचं! आपले नेहमीचे, फक्त राक्षसी आकाराचे. रीना कलाट ह्या बाईंचं काम, आणि शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची जुनी, इंग्रजांच्या वेळची नावं, जी नंतर बदलली.

आता गंमत अशी की ती बदललेली नावं कागदावर बदलायचं काम आमच्यासारख्यांनीच केलेलं. लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग झाला, ग्रँट रोडचा मौलाना शौकत अली रोड झाला, आम्ही फॉर्मवर नवीन लिहायचो आणि टॅक्सीत बसल्यावर तोंडातून लॅमिंग्टनच यायचं. आजही येतं. त्या जाळ्याखाली बराच वेळ मान वर करून उभा राहिलो, शेवटी शेंगवाला म्हणाला, काका, काही पडलं का वरून?

अवांतर: ह्याला कला म्हणतात का हे मला सांगता यायचं नाही. पण माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीवर कोणी काही बनवलेलं ते पहिलंच.

सहा_सतराची_स्लो

आमचा अनुभव एका वाक्यात: डोंबिवलीहून सासूबाई, सासरे, दोन पोरं, दोन डबे, एक छत्री, आणि बुधवार.

बुधवारी म्युझियम पण बंद आणि राणीची बाग पण बंद. चूक संपूर्ण माझी, आदल्या रात्री "मी सगळं बघून ठेवलंय" असं मीच म्हणाले होते. फुटपाथवर बसून डबे खाल्ले. सासरे अजूनही कुठे जायचं ठरलं की आधी वार विचारतात.

पेडण्याचो

भाऊ दाजी आमचे, गोव्यातल्या मांद्र्याचे, पेडणे तालुका! मुंबईकरांना बहुतेक माहीत नसतं म्हणून लिहितोय. खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. पोरवयात बुद्धिबळात भले भले हरवायचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या बॅचचे डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधायच्या मागे लागलेले, शिवाय जुने शिलालेख वाचायचे, नाणी जमवायचे, दोनदा मुंबईचे शेरीफ. आणि हे म्युझियम उभं राहावं म्हणून नाना शंकरशेटांबरोबर खटपट करणारे. गेले १८७४ मधे, म्हणजे म्युझियम उघडल्यावर दोनच वर्षांनी.

मी गेलो तेव्हा मागच्या दालनात काहीतरी व्हिडिओ चालू होता, काळोखात बसून बघितला, अर्ध्यात डोळा लागला, खरं सांगतो, बाहेर मे महिना होता आणि आत एसी. लक्षात राहिल्या त्या पगड्या. एका कपाटात छोटी छोटी मातीची डोकी, प्रत्येकावर वेगळी पगडी, वाण्याची वेगळी, ब्राह्मणाची वेगळी, पारशाची वेगळी. एकेका डोक्यावरून माणूस कुठल्या जातीचा ते ओळखायची सोय. बघायला सुंदर, पण जरा वेळाने अंगावर येतं.

चाळ_क्रमांक_तीन

@पेडण्याचो, अंगावर येतं ह्याला +१. मला त्या मातीच्या बाहुल्या बघताना कायम वाटतं की आपण कोणाच्या तरी यादीत आहोत.

आणि २०११ च्या त्याच प्रदर्शनात अजून एक होतं, धागाकर्तीने लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. काचेच्या पेटीत, अगदी जुन्या बाहुल्यांसारखीच छोटी छोटी माणसं, लांबून वाटतं जत्रा असेल किंवा बाजार. जवळ गेलं की दिसतं मारामारी चालूय. शर्ट ओढतायत, कोणी पळतोय, कोणी नुसता बघतोय. मी लालबागचा, ९२-९३ च्या दंगलीत आठवीत होतो. गॅलरीतून जेवढं दिसलं होतं तेवढ्याच आकाराची माणसं होती ती. जास्त लिहीत नाही.

घाटकोपर_वेस्ट

मी वेगळा सूर लावतो, रागावू नका. मला ह्यातलं बऱ्याच वेळा काही कळत नाही. अतुल दोडिया आमच्या घाटकोपरचा म्हणून आम्ही चौघं मित्र मोठ्या अभिमानाने गेलो होतो, २०१४ चा शेवट की २०१५ ची सुरुवात, प्रदर्शनाचं नाव '७००० म्युझियम्स', देशात एवढी म्युझियम्स असावीत अशी कल्पना. कल्पना एक नंबर. पण चित्रासमोर उभं राहिल्यावर मी भिंतीवरचा मजकूर वाचतो, मग चित्र बघतो, मग परत मजकूर वाचतो, आणि शेवटी माझ्या लक्षात येतं की चित्र बघितलंच नाही. बायको म्हणते आधी चित्र बघ मग वाच. तसं केलं तरी तेच.

पण जातो मी. माझी ठरलेली जागा वर कठड्यापाशी, तिथून खालचा सगळा हॉल दिसतो, फरशीची नक्षी दिसते, खाली लोक कशासमोर थांबतात आणि कशासमोरून सटकतात ते दिसतं. ते बघायला मला जास्त आवडतं. शाळेची सहल असेल तर सोनेपे सुहागा. चाळीस पोरं एका रांगेत एका कपाटासमोरून जातात आणि एकजण मागे राहतो, दर वेळी एकजण राहतोच, आणि बाई त्याला ओढून नेतात.

पुलाखालची

@घाटकोपर_वेस्ट, तो मागे राहणारा मुलगा धाग्यावर आला तर मजा येईल.

सदाशिव_पेठी

मुंबईकरांचं चालू द्या, पण बदलत्या मांडणीची गोष्ट निघाली आहे तर आमच्या बाजीराव रोडवरच्या राजा केळकर संग्रहालयाचं नाव घेतल्याशिवाय धागा पूर्ण व्हायचा नाही. वीस हजाराच्या वर वस्तू आणि त्यातल्या मांडलेल्या साधारण अडीच हजार, बाकी आत. म्हणजे गेल्या वेळी बघितलेला अडकित्ता ह्या वेळी दिसेलच ह्याची खात्री नाही. दिनकर केळकरांचा राजा सात वर्षांचा असताना गेला, त्याच्या नावाने एका माणसाने गावोगाव हिंडून दिवे, कुलपं, वज्र्या, वाद्यं जमवली आणि शेवटी सगळं सरकारला देऊन टाकलं. बाहेरून कलाकार आणायची गरज नाही. एकेक वज्री बघा, पाय घासायची वस्तू, आणि तिच्यावर मोर.

(हो, चपला कुठे काढायच्या ते आधी विचारा. पुणं आहे.)

कोपऱ्यातला_बल्ब

छोट्या म्युझियमचा विषय आहे म्हणून. नाव आणि गाव लिहीत नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांचं वस्तुसंग्रहालय आहे, कुलूप होतं, समोरच्या झेरॉक्सवाल्याने फोन करून माणूस बोलावला, तो सायकलवर आला, आम्ही पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलो की पहिल्या खोलीचा दिवा बंद करायचा. परत वळून एक वीरगळ (लढाईत मेलेल्या वीराचा कोरलेला दगड) बघायची होती, तर म्हणाला बघून झाली ना मघाशी? शेवटी मोबाईलच्या टॉर्चमधे बघितली. खालच्या पट्टीत गायी होत्या, मधल्या पट्टीत लढाई, वर तो मेलेला वीर हात जोडून महादेवासमोर. टॉर्च तिरका धरल्यामुळे उठाव असा काही दिसला की दिवा चालू असता तर दिसला नसता. तरी राग गेला नाही.

हट्टी_कासव

आले. झोपली एकदाची.

आमचं मूळ निमित्त पेंग्विन. २०१७ मधे पेंग्विन बघायला अख्खी मुंबई लोटली होती, आम्हीही त्यातलेच. रांग बघून नवऱ्याने हात टेकले आणि म्हणाला त्यापेक्षा त्या बाजूच्या बिल्डिंगमधे जाऊ, सावली तरी आहे. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, फुरंगटलेली. आधी बाहेरचा दगडी हत्ती दाखवला. घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून एलिफंटा नाव पडलं तो हाच. १८६४ मधे इंग्रज त्याला उचलून विलायतेला न्यायला निघाले तर क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून ठेवले, आणि पन्नास वर्षांनी, १९१४ मधे, परत जोडले. हे सांगितल्यावर मुलीचा मूड बदलला, ती सांधे मोजायला लागली. "इथे फेविकॉल लावलंय, इथे पण लावलंय."

आत गेल्यावर ती अडकली ती पारशांच्या दोखम्याच्या (मृतदेह ठेवतात त्या मनोऱ्याच्या) मॉडेलपाशी. गोल, आतून उघडं करून दाखवलेलं. आता हे सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मी पुढे ओढत होते. तिथे एक पारशी आजी उभ्या होत्या, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात पिशवी, त्यांनी आपणहून सांगितलं, मोडक्या मराठीत, बाहेरच्या गोलात पुरुष, मधल्या गोलात बायका, आतल्या छोट्या गोलात मुलं. मुलीने विचारलं, मुलं एकटी? आजी म्हणाल्या, नाही गं, मधे बायका आहेत ना, आणि बायकांच्या बाहेर पुरुष. सगळे बाजूला आहेत. मुलीला ते पटलं. मला तिथे गिळता येईना.

बदलतं प्रदर्शन काय होतं? देवाशप्पथ आठवत नाही.

न्यूजर्सीची_काकू

मधे बरेच दिवस म्युझियम दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२५ च्या सुरुवातीला परत उघडलं, मी मार्चमधे आले होते तेव्हा गेले. इथली मोठमोठी म्युझियम्स बघून पाय दुखतात, हे बरंय, दीड तासात बाहेर, मग काळा घोडा बघायला गेले. हो, ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या भागाचं नाव पडलं तो मूळचा काळा घोडा, सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ पासून तिथे म्युझियमपाशीच आहे, मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं! कॉलेजला असताना काळा घोड्याला भेटू म्हणायचो आणि तिथे घोडाच नसायचा. बहिणीला म्हटलं, बघ, इथे भेटायला हवं होतं.

आजोबा_ऑनलाईन

@न्यूजर्सीची_काकू, बाजूलाच व्हिक्टोरिया राणीही आहे, तिलाही भेटला असतात. तीही पत्ता बदललेली.

सहा_सतराची_स्लो

धागा वाचून सासऱ्यांना दाखवला. ते तयार आहेत पण गुडघे दुखतात. वरच्या मजल्यावर जायला जिनाच आहे का? कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा.

पुलाखालची

जिना आहे तो माहीत आहे, लाकडी कठड्याचा, मधल्या वळणावर बाबा थांबतात तो. दुसरी काही सोय आहे का ते ह्या शनिवारी जाऊन विचारते आणि इथेच लिहिते. बाबांनाही नेतेय. त्यांनी कालच विचारलं, आता काय बांधलंय तिथे.