अनुभव धागा : आनसीचा किल्ला, जुने गाव आणि तळे

जिनिव्हाला नोकरीनिमित्त राहणारी किंवा तेथे मुलांकडे आलेली मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी आवर्जून आनसीला जातात, कारण सीमा ओलांडून फ्रान्समधल्या या गावी बसने साधारण तास-दीड तासात पोहोचता येते. मात्र बहुतेकांची भेट कालव्याकाठची फुले, आइस्क्रीम आणि छायाचित्रे यांवरच आटोपते, आणि गावाच्या डोक्यावर उभा असलेला किल्ला खालूनच पाहून लोक परततात. हे मला मनापासून खटकते. बिशपांशी चाललेल्या सत्तासंघर्षामुळे जिनिव्हाच्या काउंटांना, म्हणजे तेथल्या सरंजामी सत्ताधीशांना, आपले ठाणे हलवावे लागले आणि तेराव्या शतकात त्यांनी आनसीत बस्तान बसवले. हातचे शहर गेल्यावर त्यांची राजधानी झालेले हे गाव आहे. पुढे 1401 मध्ये हा मुलूख साव्हॉयच्या घराण्याकडे गेला, आणि साव्हॉय फ्रान्सला जोडले गेले ते थेट 1860 मध्ये. हा इतिहास ठाऊक असला की किल्ला, गाव आणि तळे यांचे नाते उलगडू लागते. ज्यांनी वर जाऊन किल्ला पाहिला आहे, गल्ल्यांमध्ये रेंगाळून काही टिपले आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही आग्रहाची विनंती.

जिनिव्हाहून

मी किल्ल्यापासूनच सुरुवात करते. गावातून वर जाणारा दगडी फरसबंदीचा चढ छोटा पण चांगलाच खडा आहे, आणि दारातून आत गेल्यावर जो चौक लागतो तेथे जरा थांबून चारही बाजूंना पाहावे, असे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. बाराव्या-तेराव्या शतकातला राणीचा बुरूज आणि सोळाव्या शतकातले नमूर घराण्याचे निवासस्थान एकाच जागेवरून दिसतात. बुरुजाच्या भिंती चार मीटरहून जाड आहेत, तर उत्तरकाळातल्या इमारतींना मोठ्या खिडक्या आहेत. संरक्षणाची गरज कमी होत जाऊन राहण्याची सोय कशी महत्त्वाची ठरत गेली, हे त्या भिंतींवरूनच कळते. जुन्या निवासस्थानात खिडकीच्या कोनाड्यात समोरासमोर दोन दगडी बैठका घडवलेल्या आहेत. उजेडाला धरून शिवण किंवा वाचन करता यावे आणि बोलणेही व्हावे, अशी ती सोय; तेथे टेकल्यावर पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दुपारी कशा जात असतील, याचा अंदाज येतो.

याच किल्ल्यात 1342 मध्ये जन्मलेला रॉबेर हा काउंटपुत्र 1378 मध्ये सातवा क्लेमेंट या नावाने पोप म्हणून निवडला गेला आणि दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों येथे राहू लागला. त्या वेळी रोममध्ये आधीच एक पोप होता. कॅथलिक चर्चमध्ये त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे टिकलेली फूट तेथून पडली. किल्ला मात्र नंतरच्या काळात सैनिकांची बराक झाला आणि 1947 पर्यंत तसाच राहिला. 1953 मध्ये नगरपालिकेने तो विकत घेतला, म्हणून आज आपण संग्रहालय म्हणून तो पाहू शकतो.

नागपूरहून

माझे शालेय शिक्षण नागपूरच्या सदर भागातल्या एस. एफ. एस. शाळेत झाले, त्यामुळे सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे नाव लहानपणापासून रोजचे होते. पण ते आनसीशी जोडलेले आहे, हे तेथे गेल्यावरच मनावर ठसले. हे संत 1602 पासून 1622 पर्यंत जिनिव्हाचे कॅथलिक बिशप होते, मात्र जिनिव्हा प्रोटेस्टंट झालेले असल्याने त्यांचा मुक्काम आनसीतच असे. धागाकर्त्यांनी काउंटांविषयी जे लिहिले आहे, त्याला ही जोड देण्यासारखी आहे : आधी जिनिव्हाचे काउंट आणि काही शतकांनी जिनिव्हाचे बिशप, अशा दोघांनाही याच गावाने आसरा दिला. घरोघर पोहोचण्यासाठी संत फ्रान्सिस आपले विचार छापील पत्रकांमधून वाटत, आणि म्हणूनच पुढे त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत मानले गेले. त्यांच्या नावाने 1838 मध्ये आनसीच्या परिसरात स्थापन झालेल्या मिशनरी संघाचे लोक त्याच शतकात विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून नागपूरपर्यंत आले. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या बॅसिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, संत फ्रान्सिस यांच्या अवशेषांसमोर उभा असताना मला सदरचे कॅथीड्रल आणि शाळेचे मैदान आठवले, आणि या दोन गावांना जोडणारा दुवा माझ्याही वाट्याला आल्याचे फार समाधान वाटले.

पुण्याहून

जुन्या गावातली सर्वांत लक्षात राहिलेली वास्तू म्हणजे तिऊ नदीच्या ऐन मध्यभागी उभा असलेला पाले द लील. त्याचे टोक नावेच्या नाळेसारखे निमुळते आहे आणि पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी वाहत जाते. बाराव्या शतकापासूनच्या या वास्तूत वेळोवेळी टांकसाळ, न्यायालय आणि तुरुंग होता. दुसऱ्या महायुद्धातही तेथे कैदी ठेवले गेले. पुलावरून छायाचित्र घेऊन निघून न जाता आत जावे, कारण दगडी कोठड्यांमधला गारवा आणि अंधार अनुभवल्यावर बाहेरच्या फुलांनी सजलेल्या काठाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

ठाण्याहून

मी सांडपाणी व्यवस्थापनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून तळ्याविषयी लिहितो. सुमारे 27 चौरस किलोमीटरचे हे तळे आज युरोपातल्या सर्वांत स्वच्छ तळ्यांपैकी एक गणले जाते, आणि अनेकांना ती डोंगराची देणगी वाटते. वस्तुस्थिती अशी की विसाव्या शतकाच्या मध्याला काठच्या गावांचे आणि हॉटेलांचे सांडपाणी थेट तळ्यात जात होते, आणि पाण्याची अवस्था खालावत चालली होती. पॉल-लुई सेर्व्हेताझ या स्थानिक डॉक्टरांनी त्याविरुद्ध चिकाटीने जागृती केली, आणि 1957 मध्ये काठच्या गावांनी एकत्र येऊन संघ स्थापन केला. त्यांनी तळ्याभोवती मुख्य सांडपाणी वाहिनीचे कडे टाकले. सगळ्या गावांचे मैलापाणी त्यात गोळा होऊन तळ्याच्या खालच्या बाजूला शुद्धीकरण केंद्राकडे जाते. शुद्ध केलेले पाणीही तळ्यात सोडत नाहीत, हा या योजनेचा गाभा आहे. पर्यटनाचे उत्पन्न आणि पिण्याचे पाणी दोन्ही त्याच तळ्यावर अवलंबून आहे, हे गावांनी वेळेवर ओळखले. तिऊ ही नदी तळ्यातूनच निघते, त्यामुळे जुन्या गावाच्या कालव्यांत आपल्याला तळाचे गोटे स्वच्छ दिसतात, ते याच वाहिनीमुळे. आपल्याकडच्या तलावांसाठी झटणाऱ्या प्रत्येकाने हे काम अभ्यासावे, असे मला अगदी कळकळीने वाटते.

जिनिव्हाहून (दुसरा अनुभव)

आई-बाबांना घेऊन गेले होते, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी नोंदवते. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर नेहमीची पासपोर्ट-तपासणी नसलेल्या देशांच्या गटात आहेत, तरी बसमध्ये तपासणी होऊ शकते, तेव्हा पासपोर्ट जवळ असावा. खर्चासाठी युरो लागतात. सेंत क्लेर रस्त्यावरच्या कमानींखाली मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी बाजार भरतो. उन्हाळा सोडला तर मंगळवारी किल्ला बंद असतो, म्हणून शुक्रवार किंवा रविवार निवडल्यास बाजार आणि किल्ला दोन्ही पाहता येतात. तार्तिफ्लेत हा बटाटा आणि रब्लोशों चीजचा तेथला प्रसिद्ध पदार्थ. त्यात बेकनसारखे डुकराचे मांस घालतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारावे. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की रब्लोशोंमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून मिळणारे दूध गोठवणारे द्रव्य, असते. गुडघे दुखणाऱ्यांनी किल्ल्याचा चढ सकाळी, ताजेतवाने असताना चढावा आणि ओल्या फरसबंदीवर जपून चालावे. आम्ही तसेच केले. बाबा वरच्या गच्चीवर कठड्याला टेकून बराच वेळ छपरे आणि तळे पाहत राहिले, आणि मगच आम्ही खाली बाजारात उतरलो.