पाकीट नसलेलं राजकीय प्रहसन लिहायचं आहे, काय पाहू?

झेरॉक्सवाला_सिव्हिललाइन्स:
नागपूरच्या सिव्हिल लाइन्सात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी एक प्रहसन बसवतो, लिहायचं काम माझ्याकडे. आजवर तेच ते केलं. टेबलाखालून पाकीट, पान थुंकणारा बाबू, धोतर सावरणारा मंत्री. लोक हसतात, पण मागच्या खेपेला पोरगीच म्हणाली, "बाबा, आता कोण घालते धोतर?"

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मी दुकानात जे पाहतो त्यात पाकीट नसतेच. मोर्च्याचं निवेदन येते फुलस्केपवर, हाताने लिहिलेलं, मागे सह्या नि अंगठे. पाच कॉप्या काढू की सहा, यावर त्यांचीच बैठक बसते. मागच्या डिसेंबरात अशीच एक बैठक चालू होती, तेवढ्यात गळ्यात पास लटकवलेला एक पोरगा आला, हातात पेनड्राइव्ह. चाळीस पानं, रंगीत कव्हर, स्पायरल, पंचवीस सेट. शेवटच्या पानावर कायद्याच्या मसुद्यातली सुधारणा टाइप करून तयार: "'आणि' या शब्दाऐवजी 'किंवा' हा शब्द दाखल करण्यात यावा." मी म्हटलं, भाऊ, 'आणि'चं 'किंवा' केलं तर काय फरक पडते? तो हसला. म्हणे, "काका, बिल पक्कं द्या."

पक्कं बिल! जीएसटी नंबरासकट! यात मी विनोद कुठून काढू? लाच नाही, लॉबिंग, म्हणजे कायदा आपल्या सोयीचा व्हावा म्हणून केलेली उघड खटपट, दाखवणारं काही पाहिलं असेल तर सांगा. गणपतीला महिना उरला.

निवृत्त_कक्षअधिकारी:
बीबीसीची 'येस मिनिस्टर' (१९८० ते ८४) पाहा. तेवढं इंग्रजी नको असेल तर तिची हिंदी आवृत्ती 'जी मंत्रीजी', २००१ ची, फारुख शेख मंत्री होते. मूळ मालिकेत एक रुग्णालय आहे. कर्मचारी पाचशेच्या वर, रुग्ण एकही नाही, आणि स्वच्छतेसाठी मात्र त्याचं कौतुक. कुणी पैसे खात नाही. सगळे नियमाने वागतात, म्हणूनच हसू येतं.

आमच्याकडेही काही कमी नव्हतं. नोकरीत असताना डिसेंबर आला की फाइलींच्या ट्रंका बांधून मुंबईहून तुमच्या गावी यायचो. आमदारांच्या तारांकित प्रश्नांची छापील उत्तरं कधी वाचली आहेत का? "हे खरे आहे काय?" उत्तर: "हे अंशतः खरे आहे." पुढचा प्रश्न: "असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तर: "प्रश्न उद्भवत नाही." हे "अंशतः" कुठे घालायचं यावर आमचा अर्धा दिवस जायचा. तुमच्या 'आणि-किंवा'चा तो चुलतभाऊ आहे. तोच संवाद जसाच्या तसा ठेवा, नटाला चेहरा मात्र गंभीर ठेवायला सांगा.

पडद्यामागचा:
'जाने भी दो यारो' कुणी तरी सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो: सिनेमा थोर, पण त्यात बिल्डर आणि कमिशनर आहेत, म्हणजे शेवटी पाकीटच. तुम्हाला हवा आहे २००५ चा 'थँक यू फॉर स्मोकिंग'. सिगारेट, दारू आणि बंदुका, या तिघांची वकिली करणारे तिघं नियमाने एकत्र जेवतात आणि कुणाच्या मालाने जास्त माणसं मरतात यावर वाद घालतात. तिघंही गोड बोलतात. विषय सिगारेट, पण त्यातलं एकही पात्र सिगारेट ओढत नाही.

आणि खरी घटना हवी असेल तर त्याच वर्षीचा डिसेंबर घ्या. पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारण्याच्या स्टिंगमध्ये ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं. स्टिंगवाल्यांनी उभी केलेली लघुउद्योजकांची संघटना बनावट. एका प्रश्नात रेल्वेने जर्मनीतून अमुक इंजिन मागवलंय का, असं विचारलेलं, आणि त्या इंजिनाचं नाव एका इंग्रजी कादंबरीतल्या नायकाचं! प्रहसनात असं लिहिलं असतं तर "फारच ताणलंय" म्हणाले असते.

महालकर:
भाऊ, घरची मारबत, म्हणजे आपली पुतळ्यांची मिरवणूक, सोडून बाहेरचे सिनेमे काऊन पाहून राहिले? काळी मारबत १८८१ पासून निघून राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभं राहा, बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, पाहा. दरसाल भ्रष्टाचाराचा एक तरी असतेच. पोट सुटलेलं, गळ्यात नोटांची माळ, लोकं "घेऊन जा गे मारबत" करत नेऊन जाळतात.

पण तुमचं वाचून डोक्यात आलं, लॉबिंगचा बडग्या करायचा कसा? आमच्या गल्लीतल्या कारागिराले विचारलं. तो म्हणे, पोट किती काढू? मी म्हटलं, पोट नाही, जिमला जाते तो. नोटा? नाही. दात? पांढरे. तो म्हणे, मग जाळायचं काय बाप्पा, सूट?

झेरॉक्सवाला_सिव्हिललाइन्स:
महालकर भाऊ, तुमचा कारागीर सरळ उचलला. पडदा उघडतो तेव्हा तो बडग्या करत बसलेला आणि गिऱ्हाईकच स्वतः येऊन पोझ देते. कक्षअधिकारी मॅडम, तुमचं "अंशतः" मी विंगेतल्या आवाजाला दिलं. कुणी काहीही विचारलं की आतून एवढंच ऐकू येते. सिनेमा रविवारी पाहीन, 'जी मंत्रीजी'चे दोन भाग पाहून झाले.

नाव ठेवलं 'आणि/किंवा'. काल पहिलं वाचन झालं. पोरगी मोर्च्यातली बाई करून राहिली. तिला एकच वाक्य जमत नाही. पाच कॉप्यांचे पैसे देऊन ती काउंटरवरचं ते जाड स्पायरल हातात घेते नि विचारते, "याच्यात आमचंच लिहिलं आहे का?" दर वेळी तिला तिथंच हसू फुटते. मी म्हटलं, तू हसू नको, पब्लिकला हसू दे.